अकरावा श्टेफान

१४ नोव्हेंबर

ही वही माझी नाही. ऑगस्टमध्ये श्टेफानसाठी, माझ्या नवऱ्यासाठी, आणली होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, रोज डाव्या हातानं दोन ओळी लिहा, काहीही लिहा, हवापाणी लिहा. त्यानं पहिल्या पानावर एक वाकडी रेघ ओढली, माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. जाड पुठ्ठ्याची चांगली वही. एकतीस वर्षं मी कोसोर्का गावाचं पोस्ट सांभाळलं, एक पाकीट वाया जाऊ दिलं नाही. म्हणून आजपासून मीच लिहिणार.

आज बंबवाल्यांच्या खोलीत गावची सभा होती. गेल्या फेब्रुवारीत वरच्या वाडीतली रोझालिया म्हातारी अंगणात घसरली, खुबा मोडला. बर्फामुळे रुग्णवाहिका वर जाईना. शेवटी चार जणांनी तिला गवत वाहायच्या घसरगाडीवर बांधून खाली आणलं. ती अजून सांगते, "कालवडीसारखी आणली मला, फक्त गळ्यात घंटा नव्हती." तर बंबवाल्यांच्या दलाला आता आजारी माणूस आणायची नीट, हातानं ओढायची बर्फगाडी हवी आहे, पट्टे आणि आच्छादन असलेली. पैसे कुठून आणायचे, असं ब्लाझेयनं विचारलं. तो दलाचा प्रमुख. सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. मला शांतता सहन होत नाही. मी म्हणाले, शर्यत घ्या. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, संत श्टेफानच्या, म्हणजे त्या नावाच्या सगळ्यांच्याच सणाला. पोरंबाळं घरी आलेली असतात, सगळ्यांची पोटं फुगलेली असतात, बर्फ तर फुकटच आहे. माणशी पाच युरो.

आधी हसले. मग ब्लाझेय म्हणाला, "मावशी, मग तुम्हीच करा." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी येऊन श्टेफानला सांगितलं. कोणत्या दिवशी, एवढंच त्यानं विचारलं. तुझ्या सणाच्या दिवशी, मी म्हणाले. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. दमला होता, सातलाच झोपवलं.

१७ नोव्हेंबर

पहिला नीट बर्फ पडला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून मार्ग आखला.

गावात श्टेफान नावाचे अकरा जण हयात आहेत. सव्वीस डिसेंबरला प्रत्येक जण आपल्या फाटकाला स्प्रूसच्या झाडाची फांदी बांधतो आणि फाटक सताड उघडं ठेवतो. दारावरून जाणाऱ्याला आलुबुखाराची दारू दिल्याशिवाय तो सोडत नाही, आणि जाणाराही शुभेच्छा दिल्याशिवाय हलत नाही. त्या दिवशी फाटक बंद दिसलं की समजायचं, या घरातला श्टेफान आता नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे ऐंशी माणसं येऊन गेली. बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, तीन गावांतली माणसं येणारच. थांबा असो नसो, बर्फात कुणी उभं दिसलं की हा बस थांबवायचा आणि वरिष्ठांची बोलणी खायचा.

या वर्षी नाही. जुलैमध्ये झटका आला, उजवं अंग लुळं पडलं. पाय थोडा सावरलाय, घोट्यात वळत नाही. बोलणंही बरंचसं परत आलंय, पण तो ते वापरत नाही. ऑगस्टमध्ये हुदाक बहिणी केक घेऊन भेटायला आल्या, तेव्हा चहा त्याच्या तोंडाच्या कडेनं सदऱ्यावर ओघळला. त्या गेल्यावर तो म्हणाला, "नको आता कुणी." मी तो शब्द आजवर पाळलाय. कुणी आलं की फाटकापाशीच गोड बोलून परत पाठवते. झोपलाय, म्हणते. तेव्हापासून तो उंबऱ्याबाहेर पडलेला नाही. या सणाला फाटक बंद राहील, आणि ते मला किती लागतंय हे मी इथंच लिहिते, बाहेर बोलत नाही.

म्हणून मार्ग असा: चर्चपासून वरच्या वाडीपर्यंत, मोठ्या गल्लीतून परत, आणि शेवटी आमची गिरणीची गल्ली टाळून लाकूडकापणीच्या कारखान्यामागून चर्चकडे. थोडा वळसा पडतो. पण श्टेफानला निदान ऐकू जायचं नाही.

२३ नोव्हेंबर

ब्लाझेय डोकं खाजवत आला. "मावशी, मार्गावर दहा श्टेफान आहेत. आपली माणसं श्टेफानचं फाटक ओलांडून पुढं जातील? तिसऱ्या फाटकाला गरम होतील, सहाव्याला गायला लागतील, दहाव्याला झोपतील. वरच्या वाडीपर्यंत पोचेल तो एखादा कुत्रा."

मला सुचलं कसं नाही? मला? श्टेफानच्याच दिवशी शर्यत ठेवली आणि श्टेफानच विसरले. बाहेरच्यानं ही चूक केली असती तर मी वर्षभर हसले असते.

उपाय सापडला. कागद. पोस्टात शिकलेय मी, माणूस दिलेला शब्द विसरतो, सही विसरत नाही. सुवाच्य अक्षरात लिहिलं: "मी, खाली सही करणारा श्टेफान, २६ डिसेंबरला शेवटचा धावणारा पुढे जाईपर्यंत कुणालाही अडवणार नाही, पेला दाखवणार नाही, खिडकीतून हाका मारणार नाही. त्यानंतर माझी मर्जी."

३० नोव्हेंबर

आठवडाभर सह्या गोळा करत हिंडले. पाय सुजले, पण दहाच्या दहा मिळाल्या.

सर्वांत कठीण गेला म्हातारा कुबाला, वय अठ्ठ्याऐंशी. म्हणाला, सरकारनं माझी गाय नेली तेव्हाही मी सही केली नव्हती, आता दारूवर करू? मी म्हटलं, हे रोझालियासाठी आहे. त्यानं मुकाट्यानं चष्मा मागितला. आणखी एक श्टेफान चहा देण्याची परवानगी मागत होता. कसला चहा, विचारलं तर हसायला लागला. परवानगी नाकारली.

संध्याकाळी कागद श्टेफानपुढे ठेवला, जरा कौतुक करून घ्यावं म्हणून. त्यानं डाव्या हाताचं बोट एकेका नावावर ठेवत शेवटपर्यंत वाचलं.

"दहा?"

"दहा. सगळे झाले," मी म्हणाले. अकरावी सही मागायचा प्रश्नच नव्हता. उजव्या हाताची आठवण उगाच कशाला करून द्यायची? त्यानं कागद बाजूला सारला आणि न जेवताच आडवा झाला. सूपमध्ये मीठ जास्त झालं असावं.

३ डिसेंबर

राखेच्या बादलीत काच सापडली. माझ्या आईनं लग्नात दिलेल्या लहान पेल्यांची. बारा होते, आता नऊ आहेत. श्टेफानला विचारलं तर म्हणाला, "मांजर."

आमचं मांजर गेल्या ईस्टरपासून कपाटावर चढत नाही, म्हातारं झालंय. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी सभेला गेले की हा चोरून पीत असणार. बाटली काढून पाहिली, भरलेली होती. मग म्हटलं पाणी मिसळलं असेल, म्हणून चाखली. चांगली जळजळीत होती. म्हणजे दुसरी बाटली कुठेतरी लपवली आहे.

कुणाला बोलू? डॉक्टर थेंबही नको म्हणालेत. माणूस एकटा पडला की असं होतं.

६ डिसेंबर

पेले आठ. सगळ्या उश्या, बूट, लाकडांमागची फट शोधली. दुसरी बाटली नाही. ताकास तूर लागू देत नाही हा माणूस.

९ डिसेंबर

घराला लागून असलेल्या लाकडांच्या खोलीत फरशी ओली. मधोमध थारोळं, थेंब थेंब असं दारापर्यंत. वास नाही, साधं पाणी. छप्पर गळतंय. आता हेच राहिलं होतं. ब्लाझेयला बोलावलं, तो पत्र्याची कामं करतो. श्टेफान आत ओंडक्यावर बसला होता, ब्लाझेय शिडी घेऊन आत गेला आणि दार लोटून अर्धा तास बाहेर आला नाही. आला तेव्हा शिडी कोरडी, आणि डोळे लाल. सर्दी झाल्याचं म्हणाला.

"छप्पर ठीक आहे, मावशी. थोडं गळतंय, गळू दे. नाताळापर्यंत आपोआप थांबेल."

असा कारागीर कुणाला मिळू नये. मग म्हणाला, उद्यापासून रोज दुपारी चारला सभेला येत जा, कामं खूप आहेत. काल तर म्हणत होता की सगळं झालंय.

१३ डिसेंबर

संत लूसियाचा दिवस. इडापिडा जावी म्हणून पांढरं पांघरलेल्या बायका पिसांनी झाडत घरोघर फिरल्या. आमच्या फाटकापासून त्यांना परत पाठवलं.

त्यांना पाठवताना एक गोष्ट दिसली. दारापासून फाटकापर्यंत बर्फात एकाच बुटाचे ठसे, आणि बाजूनं काहीतरी ओढत नेल्याची रेघ. आणि तसंच परत. कुणीतरी पोतं ओढत होतं. लाकूडचोर! ढीग तपासला, कमी वाटला. बेचाळीस वर्षांत या गल्लीत चोरी झालेली नाही, आणि आता घरात धडधाकट पुरुष नाही हे बघून हिंमत झाली. दुकानातून मोठं कुलूप आणून फाटकाला लावलं. किल्ली माझ्या गळ्यात.

श्टेफानला सांगितलं, आता काळजी करू नको. त्यानं डोळे मिटले. म्हणाला, "गीझा, गीझा." बऱ्याच दिवसांनी त्यानं माझं नाव घेतलं, म्हणून मी भांडले नाही.

१८ डिसेंबर

नावं एक्कावन्न. झिलिना शहराहूनही लोक येणार आहेत. सगळे म्हणतात, गीझेलामावशी, तुमच्यामुळे झालं. मला बरं वाटतं, आणि मग वाटतं की मी हे सगळं रोझालियासाठी करतेय की घराबाहेर पडायला मिळतं म्हणून? घरात मी दिवसभर त्याची हनुवटी पुसते, गुंडी लावते, मांस कापून देते, आणि तो माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघतो. पूर्वी भांडायचा तरी. चहा बेचव झाला की म्हणायचा, हा टपालातून आला का? आता सगळं निमूटपणे खातो. मला त्याची चिडचिड हवी आहे. हे वाचायला विचित्र वाटतं, पण खरं आहे.

पेले सात. पण चार दिवसांत एकही फुटलेला नाही.

२४ डिसेंबर

नाताळच्या जेवणाला पातळ वेफरवर मध आणि लसूण, कोबीचं सूप, मासा. आलाच कुणी वाटसरू तर म्हणून एक ताट जादा मांडलं. मधाचा क्रूस मी त्याच्या कपाळावर काढला, आणि मग त्यानं डाव्या हातानं माझ्या. बोट अजिबात थरथरलं नाही. आमच्या मुलीचा, क्लाऊडिआचा, आयर्लंडहून फोन आला, तिची सुट्टी रद्द झालीय. बापलेक बराच वेळ बोलले. मी भांडी घासत होते. ती हसत होती एवढं ऐकू आलं.

२६ डिसेंबर, सकाळ

रात्रभर बर्फ पडत होता. सातला ब्लाझेय फाटकाबाहेरून हाका मारत आला. कारखान्यामागचा रस्ता कमरेएवढा भरलाय, म्हणाला, बर्फ काढायचा नांगर रुतला. आता एकच वाट, गिरणीची गल्ली.

मी नाही म्हणाले. तो म्हणाला, मग शर्यत रद्द? त्रेसष्ट नावं आहेत, रोझालिया शिट्टी घेऊन बसलीय. शेवटी मी अट घातली: आमच्या गल्लीत कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत, ओरडायचं नाही, गपचूप पळायचं. तो एकदम आज्ञाधारकपणे हो म्हणाला.

श्टेफानला सगळं सांगितलं. पडदा ओढून ठेवते, दहा मिनिटांत जातील पळून. तो म्हणाला, पांढरा सदरा दे. घरात बसायला पांढरा सदरा कशाला? "माझा सण आहे," म्हणाला. खरंच होतं. इस्त्री केलेला दिला, गालावर मुका घेतला, शंभर वर्षं जग म्हटलं. एवढंच त्याला हवं असेल. फाटक ओढून पाहिलं, कुलूप पक्कं आहे. निघाले.

२६ डिसेंबर, संध्याकाळ

आठवतंय तसं लिहिते, क्रमानं.

दहाला रोझालियानं खुर्चीत बसून, कुबडी वर करून शिट्टी वाजवली. नाताळच्या गोष्टीतल्या तीन राजांचं सोंग घेतलेले तिघे एकाच शालीत बांधून घेऊन पळत होते, तीनदा पडले. पाद्री झग्याखाली शिकारी बूट घालून आले होते. झिलिनाचा एक काटकुळा गृहस्थ होता, मनगटावर बशीएवढं घड्याळ. मार्ग मोजलेला आहे का, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, माझ्या नवऱ्यानं यावरून बत्तीस वर्षं बस चालवली आहे, मोजायला तेवढं पुरे.

दहाही श्टेफान शब्दाला जागले. नंतर कळलं की ते फाटकात हात मागे बांधून, शाळेत उभं केल्यासारखे उभे होते. म्हातारा कुबाला तर रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला, मोह नको म्हणून.

मी चर्चपुढच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन उभी. पहिला माणूस साडेदहाला यायला हवा होता. पावणेअकरा झाले. बँडनं एकच धून तिसऱ्यांदा वाजवली. अकराला पाच कमी. रस्ता पांढरा, रिकामा. कुणी पडलं, मला वाटलं. कुणाचं हृदय बंद पडलं, आणि बर्फगाडी अजून घेतलेली नाही. पाद्री शर्यतीतच आहेत एवढाच दिलासा, असंही वाटून गेलं. स्टॉपवॉच ट्रॉम्बोनवाल्याच्या हातात कोंबलं आणि निघाले.

गिरणीच्या गल्लीच्या वळणावर गलका ऐकू आला. हसणं. मी आधी चिडलेच, शांतता ठेवा म्हणून बजावलं होतं मी.

मग दिसलं. सगळी शर्यत आमच्या फाटकापुढे उभी होती. फाटक सताड उघडं, त्याला स्प्रूसची फांदी. माझं नवं कुलूप बर्फात दोन तुकडे होऊन पडलेलं, आणि कुंपणाला टेकवलेली बंबवाल्यांची मोठी कातर. फाटकात श्टेफान. पांढरा सदरा, मेंढीच्या कातड्याचं जाकीट, उजवी बाजू खांबाला टेकवलेली. पुढं दोन स्टुलांवर फळी, फळीवर सात पेले. डाव्या हातात बाटली. तो स्वतः ओतत होता. सावकाश, एक एक. एक थेंब बाहेर जात नव्हता. कुणी मदत करत नव्हतं. साठ माणसं रांगेत उभी होती आणि थंडीत त्यांच्या अंगांतून वाफ निघत होती.

काटकुळा गृहस्थ खूप आघाडीवर होता म्हणे. श्टेफाननं पेला पुढे केला तेव्हा तो ओरडला, मी पहिला आहे. श्टेफान म्हणाला, म्हणूनच पहिला तुला. त्या माणसानं घड्याळाकडे पाहिलं, श्टेफानकडे पाहिलं, घड्याळ बंद केलं. मी पोचले तेव्हा तो फळीमागे उभा राहून रिकामे पेले बर्फानं घासून परत मांडत होता.

मी गर्दीतून पुढं घुसले. "श्टेफान, शर्यत चालू आहे. सोड त्यांना. दहा जणांनी सह्या केल्यात."

त्यानं हातातला पेला आधी भरला. बाटली खाली ठेवली. तो एक एक शब्द वेगळा करून बोलला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला.

"मी नाही केली. मला कुणी विचारलंच नाही."

बोलताना त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, आणि सवयीनं माझा हात खिशातल्या रुमालाकडे गेला, आणि सवयीनंच मी आजूबाजूला पाहिलं, कोण कोण बघतंय म्हणून. कुणी बघत नव्हतं. एक जण त्याला सांगत होता की पंचाण्णव साली तू मला वादळात घाटावर गाडीत घेतलं होतंस. पाद्री पेल्याकडे बघत होते. त्याच्या हनुवटीकडे बघत होते ती मी. जुलैपासून ती मीच. नको कुणी, असं तो एकदाच म्हणाला होता, आणि मी त्याचं कुलूप करून गळ्यात किल्ली घालून हिंडले. शरमेनं माझे कान तापले. आणि खरं सांगते, लग्नात काळ्या सुटातही तो मला एवढा देखणा दिसला नव्हता. रुमाल खिशातच ठेवला.

"मग मलाही दे," मी म्हणाले.

"मागे रांग आहे," तो म्हणाला.

आता मात्र सगळी गल्ली हसली. मी जाऊन रांगेच्या टोकाला उभी राहिले, पाद्रींच्या मागे. ब्लाझेय तिथं आला आणि एकेक कबूल करत गेला. लाकडांच्या खोलीत पाण्यानं ओतायचा सराव चालायचा, वीस दिवस. पाच पेले गेले, पण हात बसला. चार वाजता मला सभेला बोलवायचे ते त्याला फाटकापर्यंत चालता यावं म्हणून. "चोर तुमच्याच घरातला होता, मावशी. कुलूप लावलंत तेव्हा काकांनी मला फोन केला, म्हणाले कातर आण." काखेत कळसा आणि गावाला वळसा. कारखान्यामागच्या रस्त्याबद्दल मी विचारलं नाही. नंतर तिकडून आले, घोट्याएवढाही बर्फ नव्हता.

माझी पाळी आली. त्याचा हात आता दमला होता. मी धरायला गेले नाही. जीव मुठीत धरून उभी राहिले. पेला भरला. मी परत म्हटलं, शंभर वर्षं जग, आणि या वेळी त्याच्याकडे बघून म्हटलं.

मग सगळे एकाच घोळक्यात चर्चकडे पळाले, तीन राजे आणि काटकुळा खांद्यावर हात टाकून. ट्रॉम्बोनवाल्यानं बटण एकदाच दाबलं: एक तास एकतीस मिनिटं, त्रेसष्ट जणांची. निकालाच्या यादीत पहिला क्रमांक कुणाला द्यायचा हे माहीत नाही. झिलिनाचा माणूस पुढच्या वर्षीची तारीख विचारून गेला. तारीख काय विचारायची, मी म्हटलं, श्टेफानचा सण कधी हलतो का? बर्फगाडी नक्की येईल, ब्लाझेय म्हणतो, वर पट्ट्यांचेही भागतील. रोझालिया म्हणते, आता मी मुद्दाम पडणार.

उजेड जाईपर्यंत लोक येत राहिले. दहाही श्टेफान आले, आणि त्याला म्हणाले की पुढच्या वर्षी आम्हीही सही करणार नाही. फाटक लावायची वेळ आली तेव्हा मी भांडी उचलायला लागले. श्टेफान भिंत धरून आत आला आणि माझ्या हातातली थाळी त्यानं काढून घेतली.

"दमलीस. बस."

"तू बस. तू सकाळपासून उभा आहेस."

"गीझा, बस म्हणतो ना. केवढी कटकट करतेस."

मी बसले. पाच महिन्यांनी तो माझ्यावर चिडला होता. तो चुलीपाशी गेला, पातेल्यातून कोबीचं सूप वाडग्यात काढलं, आणि वाडगा डाव्या हातात घेऊन, उजवा पाय ओढत टेबलापर्यंत आला. सात पावलांचं अंतर, त्याला लागलेला वेळ मी मोजला नाही. अर्धं सूप वाटेत सांडलं. उरलेलं गरम होतं. मी ते बसूनच संपवलं आणि आणखी मागितलं.